मुलाकतीला गेलात की आधी तारीख विचारा

त्या माउलीने पिशवीतून कालनिर्णयचं पान काढून माझ्या टेबलावर पसरलं. एकोणीस तारखांना पेनाने गोल केलेले: तिच्या माणसाला तुरुंगात एकट्याला कोठडीत ठेवलं ते दिवस. "फार हळू बोलला, ताई. म्हणाला, बोलायची सवयच गेली." मी विधी सेवेच्या, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, पॅनलवर वकिली करते. इतका चोख हिशोब मला क्वचितच कुणी आणून दिलाय.

आपल्या माणसाला आत एकटं ठेवलंय असं कळलं, तर मुलाकतीत आधी तारीख विचारा. बराकीतून कोणत्या दिवशी हलवलं? लेखी हुकूम दाखवला का? बाहेर किती वेळ काढतात, इतर कैदी दिसतात का, डॉक्टर येतात का? कोठडीला 'अंडा' म्हणोत की 'सेपरेट', नावावर जाऊ नका. 'सुरक्षेसाठी ठेवलंय' हे उत्तर हमखास मिळतं. ते ऐकून परत फिरू नका.

आता दिवस मोजा. एकांतवासाची शिक्षा कोर्ट देतं, तीही सश्रम कारावास देता येतो अशाच गुन्ह्यात. कच्च्या कैद्याला ती देताच येत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 11 सांगतं: कैद सहा महिन्यांपर्यंत असेल तर एकांतवास एकूण एक महिना, वर्षापर्यंत दोन, त्यापुढे कितीही मोठी असली तरी तीनच. कलम 12 प्रमाणे सलग 14 दिवसांच्या वर नाही, मध्ये किमान तितकाच खंड हवा. कैद तीन महिन्यांहून मोठी असेल, तर महिन्याला फक्त 7 दिवस.

फाशीची शिक्षा झालेल्यांचे घरचे तर विचारायलाही कचरतात. कचरू नका. 1978 मध्ये सुनील बत्रा या फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, की दयेच्या अर्जासह सगळे मार्ग संपेपर्यंत त्या कैद्याला वेगळं काढता येत नाही. पुढे याच बत्रांनी तिहारमधून दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल पत्र लिहिलं. कोर्टाने पत्रालाच याचिका मानलं. 1979 च्या त्या निकालानुसार शिक्षेची कोठडी द्यायची तर सेशन्स जजने प्रकरण तपासायला हवं. तातडी असेल तर दोन दिवसांत त्यांना कळवायला हवं.

म्हणून अर्ज दोन करा, एक तुरुंग अधीक्षकांना, एक सेशन्स जजला. साध्या मराठीत, तारखांसकट. पोच म्हणून शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कैद्याला विधी सेवेचा वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. विधी सेवेच्या 15100 या नंबरवर फोन करा.

माउलीच्या अर्जाला मी त्या पानाची झेरॉक्स जोडली. मूळ पान तिने घडी घालून पुन्हा पिशवीत ठेवलं.