एमजीबीला पाच गिअरचा बॉक्स: डायल लावल्याशिवाय बोल्ट आवळू नका

बेळगावच्या उद्यमबागेतल्या माझ्या शेडमध्ये आत्ता खानापूरच्या एका मालकांची १९६५ ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उभी आहे. १७९८ सीसीचं इंजिन ठणठणीत, पण बॉक्स चार गिअरचा आणि पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर खरखर न होता पाडणारी कडी) नाही. एमजीबीत पहिल्याला सिंक्रो १९६७ च्या शेवटी आला. मालक म्हणाले, "हायवेला इंजिन लई ओरडूलंय, पाचवा घाला की." खरं आहे. डिफरन्शियलचं गुणोत्तर ३.९०९, त्यामुळे चौथ्यात ताशी शंभर किलोमीटरला इंजिन मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं. पाचवा ०.८२ गुणोत्तराचा मिळाला तर तेच २८५० च्या आसपास येतं. मात्र तुमच्या गाडीला ओव्हरड्राइव्ह (बॉक्समागचा, इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) असेल आणि ते दुरुस्त होण्यासारखं असेल, तर बॉक्स बदलू नका. तेच दुरुस्त करा.

आम्ही इसुझू इंजिनवाल्या १८०० अँबॅसडरचा पाच गिअरचा बॉक्स घेतला. मागचं क्रॉसमेंबर, गिअर लिव्हरची जागा, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटचा स्विच ही कामं चिकाटीची आहेत, अवघड नाहीत. क्लच प्लेटचं मधलं हब नव्या शाफ्टच्या दात्यांचं आणि बाहेरचा व्यास एमजीबीच्या फ्लायव्हीलचा, एवढं ध्यानात ठेवा.

अवघड आहे ती परक्या बॉक्सला इंजिनाशी जोडणारी मधली प्लेट. पहिल्या वेळी मी ती बोल्टांच्या भोकांवर भरवसा ठेवून बसवली होती, डॉवेल पिन (जागा पक्की करणाऱ्या घट्ट पिना) न घालता. बोल्ट भोकात थोडा सैल असतोच. गाडी चालली, गिअर पडले, मालक खूश. चार महिन्यांत पायलट बुश (क्रँकच्या टोकात बॉक्सच्या शाफ्टला आधार देणारं) एका अंगाने खाल्लं आणि बॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा आवाज सुरू झाला. बॉक्सचा शाफ्ट क्रँकच्या मध्यापासून केसभर सरकलेला होता, आणि तो तसाच रोज फिरत होता.

म्हणून आता असं करतो. क्लच काढून डायल गेजचं (बारीक फरक काट्याने दाखवणारं मापयंत्र) मॅग्नेट फ्लायव्हीलवर लावतो आणि डायलचं टोक बॉक्स ज्या गोल भोकात बसतो त्याच्या आतल्या कडेला टेकवतो. प्लग काढून क्रँक हाताने हळूहळू पूर्ण फिरवायचा आणि प्रत्येक पाव फेऱ्याला आकडा लिहायचा. सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत छोटा आकडा यांच्यात १० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.२५ मिमीपेक्षा जास्त फरक मी चालू देत नाही. फरकाच्या निम्मं अंतर मध्य सरकलेला असतो, हे विसरून दुप्पट दुरुस्ती करणारे पुष्कळ पाहिलेत. मग तीच डायल सपाट पृष्ठभागावर लावून घंटी (बॉक्सचं पुढचं घंटेसारखं कवच) तिरकी बसणार नाही ना, तेही बघा. त्या वेळी क्रँक एकाच बाजूला दाबून धरा, नाहीतर त्याची पुढे-मागे हालचालच डायलवर दिसते.

शेजारच्या शेडमधला टर्नर कन्नड बोलतो, मी मराठी. लेथवर दोघांची भाषा एकच. परवा प्लेट १४ थाऊ दाखवत होती. मी डॉवेलची भोकं पाडायची घाई करत होतो, तर म्हणाला, "स्वल्प तडीरी," म्हणजे जरा थांबा. त्याने प्लेट हलक्या हातोडीने सरकवली आणि चार वेळा आकडे घेतले. फरक ४ थाऊवर आल्यावर प्लेट आवळली, आणि मगच आम्ही रीमरने भोकं नेमक्या मापाची करून पिना ठोकल्या. डॉवेल नेहमी शेवटी.

प्लेटच्या जाडीमुळे बॉक्स मागे सरकतो. शाफ्टचं टोक पायलट बुशमध्ये किती शिरतं ते आधी मोजा. पुरेसं शिरत नसेल तर लांब बुश बनवून घ्या.

यानंतर प्रॉपेलर, म्हणजे बॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतचा शाफ्ट. नवी लांबी मोजताना गाडी चारही चाकांवर, वजनासह उभी हवी. रॅम्पवर लटकलेल्या एक्सलवरून घेतलेलं माप चुकतं. सरकत्या योकला आत जायला इंचभर जागा ठेवा. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असू द्या आणि वेल्डिंगनंतर बॅलन्सिंग करून घ्या. क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट) कोनात फिरला की शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा वेगावतो, दोनदा मंदावतो. दुसऱ्या टोकाचा कोन तेवढाच असेल तरच ते भरून निघतं. म्हणून बॉक्सचा मागचा शाफ्ट आणि डिफरन्शियलचा पिनियन समांतर हवेत. प्रत्येक क्रॉसचा कोन एक ते तीन अंश, आणि दोघांतला फरक एका अंशाच्या आत. कोन अगदी शून्य करू नका, बारीक रोलर एकाच जागी राहून खड्डे पाडतात. एमजीबीचं मागचं एक्सल पाट्यांच्या स्प्रिंगवर असल्याने जोर लागला की पिनियनचं नाक वर उठतं. ते अर्धा-एक अंश खाली ठेवलं तर चालताना बरोबर येतं. त्यासाठी पाट्यांवर पातळ पाचर आणि बॉक्सच्या माउंटिंगखाली शिम, म्हणजे पातळ पत्रा.

तपासायला मी वंटमुरी घाटाकडे जातो. मोकळा रस्ता बघून नव्वदला नेतो, क्लच दाबून न्यूट्रल करतो आणि इंजिन खाली येऊ देतो. थरथर इंजिनाबरोबर गेली तर चूक पुढे, क्लच आणि मधल्या प्लेटकडे. गाडीच्या वेगाबरोबरच राहिली आणि बारीक, झणझणीत असेल तर प्रॉपेलर खोला. शेकडो किलोमीटरनंतर पुन्हा एकदा डॉवेलजवळचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. खानापूरच्या गाडीचे तपासायचे अजून बाकी आहेत, शनिवारी जांबोटीमार्गे चोर्ल्याला जाऊन आल्यावर करणार आहे.