हँडहेल्डवर आउटरन नीट पळवला, माझा अनुभव

सेगाचा १९८६ चा आउटरन हा कार पळवायचा आर्केड गेम माझ्या छोट्या लिनक्सवाल्या हँडहेल्डवर, म्हणजे हातात मावणाऱ्या गेमिंग यंत्रावर, हवाच होता. एम्युलेटरऐवजी (जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) कॅननबॉल घेतलं, ते ओपन सोर्स इंजिन आहे, गेमचा कोड नव्याने लिहिलाय पण चित्रं-आवाजासाठी मूळ रॉम (गेमच्या चिपमधल्या डेटाच्या फाईली) लागतात, तेही रिव्हिजन बी या आवृत्तीचेच, आणि झिप न ठेवता फोल्डरमध्ये सुटे करून. तरी रॉम सापडत नाही म्हणून रडत होतं, कारण फाईलींची नावं कॅपिटलमध्ये होती आणि लिनक्स कॅपिटल-स्मॉल वेगळं मानतं. सगळी स्मॉल केली, झालं सुरू.

पण पळत होतं अडखळत. कॉन्फिग फाईलमध्ये हाय-रेझ (जास्त बारीक चित्र) बंद केलं, मूळ गेम ३२० बाय २२४ पिक्सेलचाच, हाय-रेझमध्ये चौपट पिक्सेल काढावे लागतात, एवढुशा स्क्रीनवर कोणाला दिसणारेत ते? शिवाय सेकंदाला ६० ऐवजी ३० फ्रेम ठेवले, मग एकदम मख्खन.

खरी डोकेदुखी स्टीअरिंगची. आर्केडला खरं चाक आणि पेडल होतं, इथे डी-पॅडवर (चार दिशांचं बटण) बोट टेकलं की गाडी थेट होर्डिंगवर. कॉन्फिगमधला स्टीअरिंग स्पीडचा आकडा एकेक करत खाली आणला, आता वळणं जमतात. गिअरला मात्र शोल्डर बटणच (वरच्या कडेचं) द्या, लो-हाय दोनच तर आहेत.