पायथन शिकताय? मग लिस्ट आणि टपलचं हे आधी पक्कं करा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बीसीए, बीएससीची पोरं शंका विचारतात तेव्हा बहुतेकांची गाडी एकाच जागी अडलेली असते. लिस्ट आणि टपल दोन्हींत अनेक किमती ओळीने ठेवता येतात; लिस्ट बदलता येते, टपल बदलत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं, पण नुसत्या पाठांतराने भागत नाही भो, इंटरव्ह्यूत पुढचा प्रश्न आला की सगळं बंद.

पायथनमध्ये व्हेरिएबल म्हणजे वस्तूला दिलेलं नाव. घरात पोराला बापू म्हणतात, हजेरीत दुसरंच नाव असतं, पोरगा एकच, तसं. समजा केळीच्या भावाची लिस्ट केली, भाव = [१२००, १३५०, १२८०], रावेर, सावदा, चोपडा असं धरा, आकडे उदाहरणापुरते. खाली लिहिलं आजचे = भाव, मग आजचे मध्ये १४०० अपेंड केलं, म्हणजे शेवटी जोडलं, आणि भाव प्रिंट केलं तर तिथंही १४०० दिसणार, कारण लिस्ट एकच आहे. वेगळी पाहिजे तर भाव.कॉपी() करा, पण लिस्टच्या आत लिस्टा असतील तर आतल्या शेअरच राहतात, तिथं डीपकॉपीच लागतं, ते आतल्या लिस्टांचीही कॉपी करतं.

टपल कुठं वापरायचं? जळगावचे अक्षांश-रेखांश घ्या, (२१.०१, ७५.५६), हे प्रोग्राम चालू असताना बदलायचं कारणच नाही. शिवाय टपल डिक्शनरीची (की देऊन किंमत शोधायची सोय) की होऊ शकतं, लिस्ट दिली की टाइपएरर येतो. डिक्शनरी कीच्या हॅशवरून, म्हणजे कीवरून काढलेल्या आकड्यावरून, जागा शोधते, की नंतर बदलली तर सापडणार कशी? टपलमध्येच लिस्ट ठेवली असेल तर ती आतली लिस्ट मात्र बदलते, आणि मग ते टपलही की म्हणून चालत नाही. हा प्रश्न हमखास विचारण्यासारखा आहे.

स्ट्रिंगही बदलत नाही, अपर() केल्यावर नवीन स्ट्रिंग मिळते, ती कुठंतरी ठेवावी लागते. लिस्टचं सॉर्ट() उलटं, ते जागेवरच क्रम लावतं आणि परत नन (None, म्हणजे काहीच नाही) देतं, म्हणून भाव = भाव.सॉर्ट() लिहिलं की भाव गेलेच.

सगळ्यात त्रासदायक म्हणजे फंक्शनच्या पॅरामीटरला डीफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट देणं. ती लिस्ट डेफची, म्हणजे फंक्शन जिथं सुरू होतं ती, ओळ चालते तेव्हा एकदाच बनते, प्रत्येक कॉलला नवीन बनत नाही, त्यामुळे आधीच्या कॉलच्या नोंदी पुढच्या कॉलला तशाच दिसतात आणि एररही येत नाही, शोधत बसा! तिथं डीफॉल्ट नन ठेवा आणि लिस्ट फंक्शनच्या आत बनवा.

आणि हे सगळं आयडी() लावून स्वतः बघा, ते वस्तूचा ओळख क्रमांक सांगतं. लिस्टला += केलं तर आयडी तोच राहतो, टपलला केलं तर बदलतो. वहीत उतरवून घेण्याआधी मशीनवर चालवा.