दाजी, खालची ओळ कापू नका

ऑक्टोबर 2024 मध्ये सांगलीहून दाजींचा स्क्रीनशॉट आला. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा पोल, म्हणजे मतदारांना विचारून काढलेला अंदाज: हॅरिस 48 टक्के, ट्रम्प 46. खाली प्रश्न: "बाई येतीय म्हणायची का?" मी उलट विचारलं, किती जणांना विचारलंय आणि कुणाला? ते पोलच्या तळाशी बारीक अक्षरात असतं, आणि स्क्रीनशॉटमध्ये नेमकं तेच कापलं जातं.

तर सुरुवात तळापासून करा. तिथं "प्रौढ" लिहिलंय, "नोंदणीकृत मतदार" की "मतदान करण्याची शक्यता असलेले", ते बघा. निवडणूक तोंडावर आली की तिसराच प्रकार कामाचा. पण तो ओळखायची प्रत्येकाची रीत वेगळी, म्हणून आकडेही वेगळे.

मग त्यांना गाठलं कसं, ते बघा. शिकत असताना मी अमेरिकेतल्या एका सर्व्हे सेंटरमध्ये संध्याकाळी फोन करायचो. शंभरावर नंबर फिरवावेत तेव्हा तीन-चार मुलाखती पूर्ण व्हायच्या. फोन बहुधा वयस्कर बायका उचलायच्या, म्हणून आम्हाला वाक्य दिलेलं: "आत्ता घरात असलेल्या सर्वांत तरुण पुरुषाशी बोलता येईल का?" एक आजी म्हणाल्या, "पुरुष एकच आहे आणि तो बहात्तरचा आहे, चालेल?" चालवून घेतला. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या सर्वेक्षण संस्थेच्या फोनला 1997 मध्ये शंभरातले 36 जण उत्तर द्यायचे, 2018 मध्ये सहा.

जे बोलत नाहीत त्यांची भरपाई वजन देऊन करतात. तरुण कमी सापडले तर सापडलेल्या प्रत्येक तरुणाचं मत थोडं जास्त मोजायचं. खरी गोम इथं आहे. 2016 मध्ये राज्यांच्या बऱ्याच पोलनी शिक्षणाचं वजन दिलंच नव्हतं. पदवीधर जास्त उत्तरं देतात, आणि त्या वर्षी त्यांचा कल ट्रम्पविरुद्ध उभ्या असलेल्या हिलरी क्लिंटनकडे होता. विस्कॉन्सिन राज्यात पोलच्या सरासरीत क्लिंटन सहा-एक टक्क्यांनी पुढे होत्या. ट्रम्प 23 हजारांहून कमी मतांनी जिंकले. त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सनं फ्लोरिडातल्या 867 मतदारांची तीच कच्ची उत्तरं चार पोलवाल्यांना दिली. निकाल क्लिंटन 4 नी पुढे इथपासून ट्रम्प 1 नी पुढे इथपर्यंत!

आता दाजींचे 48-46. हजार जणांच्या पोलमध्ये प्रत्येक आकडा तीनेक टक्के वर-खाली धरायचा. दोघांतलं अंतर मोजताना ती चूक जवळपास दुप्पट होते. म्हणजे दोन टक्क्यांची आघाडी ही आघाडीच नव्हे. शिवाय तो पोल देशाचा होता, आणि जिंकायला लागतात 538 पैकी 270 इलेक्टर, म्हणजे राज्याराज्यांतून निवडून येणारे प्रतिनिधी. 2016 मध्ये क्लिंटनना देशभरात 28 लाखांहून जास्त मतं अधिक पडली आणि त्या हरल्या. म्हणून पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन अशी अटीतटीची राज्यं बघा, आणि एकट्या पोलपेक्षा सरासरी बघा.

"भारतीयांचा कल" असली बातमी तर सोडूनच द्या. हजारात आपले जेमतेम दहा-पंधरा असतात, एका पंगतीत बसतील एवढे.

मतदानाच्या तीन दिवस आधी आयोवा राज्याचा पोल आला. हॅरिस 47, ट्रम्प 44, पोल घेणाऱ्या ॲन सेल्झर, नाव मोठं. या खेपेला दाजींनी खालची ओळ स्वतः वाचून लिहून पाठवली: मतदान करण्याची शक्यता असलेले 808 जण, चूक अधिक-उणे 3.4. सगळं जागच्या जागी होतं. आयोवात ट्रम्प 13 टक्क्यांनी जिंकले.