आई-बाबांना नाताळात बिल्टमोर दाखवायचं तर

डिसेंबरात अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला आलेल्या आई-बाबांना बर्फ दिसेलच याची खात्री नाही. बिल्टमोर हे व्हँडरबिल्ट घराण्याचं जुनं, महालासारखं घर मात्र हमखास दाखवता येतं, कारण ते ज्या गावात आहे ते अ‍ॅशव्हिल गाडीने दोन-सव्वादोन तासांवर आहे. तयारीला सुरुवात तिकिटापासून करा. नुसती तारीख घेऊन भागत नाही, घरात शिरायची वेळही ठरवावी लागते. नाताळची सजावट नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असते, त्यामुळे पंचवीस तारखेचा हट्ट सोडा आणि मधल्या वारी जा. संध्याकाळच्या कँडललाइट फेरीचं तिकीट वेगळं आणि महाग. ती सुंदर असते, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला मी दुपारी उशिराची वेळ घ्यायला सांगेन. भिंतींवरचे पडदे, कोरीवकाम उजेडात दिसतं आणि साडेपाचच्या आत सूर्य मावळत असल्याने बाहेर पडताना अंधारून आलेलं असतं. वृद्ध डोळ्यांना मिणमिणत्या उजेडातल्या पायऱ्या नकोतच.

मग पाय. याची तयारी सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच राहते. आईने साडी नेसावी, पण पायात कॅनव्हासचे बूटच हवेत. फोटोत ते कसे दिसतील यावर घरातून निघण्यापूर्वी वाद मिटवून घ्या. पार्किंगपासून घरापर्यंत शटल असते, पुढे सगळं चालणं आणि जिने. मुख्य जिना गोल फिरत वर जातो आणि त्याच्या मधोमध एकच झुंबर मजल्यामागून मजले खाली उतरलेलं आहे. गुडघे दुखत असतील तर लिफ्टबद्दल दारातच विचारा. व्हीलचेअर तळघरात नेता येत नाही, हे आधीच माहीत असू द्या. गाव डोंगरात आहे, शार्लटपेक्षा थंडी जास्त. तरी आत गर्दीची ऊब असते, म्हणून एक जाड कोट घालण्यापेक्षा दोन पातळ थर बरे. पराठ्यांचा डबा गाडीतच खाऊन संपवा. आणि बाथरूम आत शिरण्याआधी उरका. या घरात 43 बाथरूम आहेत, पण त्या फक्त बघायच्या.

थोडी गोष्ट गाडीतच सांगून ठेवा, म्हणजे आत रांगेत कुजबुजावं लागत नाही. रेल्वेसम्राट कॉर्नेलियस व्हँडरबिल्टचा नातू जॉर्ज याने सहा वर्षं खपून हे 250 खोल्यांचं घर बांधलं आणि 1895च्या नाताळच्या आदल्या रात्री नातेवाइकांसाठी उघडलं. तेव्हा तो 33 वर्षांचा, अविवाहित. म्हणजे नाताळ या घरावर नंतर चढवलेला नाही. घराची वास्तुशांतच नाताळात झाली. बाबांना काळ चटकन कळायला हवा असेल तर सांगा, त्याच डिसेंबरात पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. माझ्या बाबांनी मग पुढचा अर्धा तास टिळक आणि रानड्यांवर घेतला, तेवढी जोखीम आहे. महामंदीच्या दिवसांत, 1930 साली, घर लोकांना बघायला खुलं झालं. मालकी अजून वंशजांकडेच आहे.

आत बघायचं ठरवून जा, नाहीतर प्रत्येक खोलीतल्या नाताळच्या झाडापुढे फोटो काढता काढता दमाल. बँक्वेट हॉलमध्ये वेळ काढा. तिथलं फ्रेझर फरचं खरं झाड 35 फूट उंच असतं, आणि छत 70 फुटांवर. पायथ्याशी उभं राहून मान वर केली की नुसत्या फांद्या दिसतात. हॉलच्या दुसऱ्या टोकाला जा, मग ते छताच्या निम्म्यापर्यंतच पोचलेलं दिसतं आणि हॉल केवढा आहे ते कळतं. जॉर्जच्या काळी इथल्या अशाच झाडाभोवती घरातल्या आणि शेतावरच्या कामगारांच्या मुलांना भेटी वाटल्या जात. वाचणाऱ्यांनी ग्रंथालयात रेंगाळावं. तिथे दहा हजारांच्या आसपास पुस्तकं आहेत. झोपायच्या खोल्या झटपट उरकल्या तरी चालतात, चौथ्या खोलीनंतर सगळे पलंग सारखेच वाटू लागतात.

तळघरासाठी मात्र पाऊण तास राखून ठेवा. लोक इथवर येईस्तोवर थकलेले असतात आणि भराभर निघून जातात. पोहण्याचा तलाव, बोलिंगची जागा हे आहेच, पण स्वयंपाकघर, कोठ्या, धुण्याची खोली आणि नोकरांच्या खोल्या इथेच आहेत. वरच्या झगमगाटात गप्प असलेली माझी आई इथे बोलू लागली. एवढ्या पाहुण्यांची भांडी कोण घासायचं, हा तिचा पहिला प्रश्न होता.

फोटोचे नियम त्या दिवशी विचारून घ्या; फ्लॅश आणि तिवई घरीच ठेवा. बाहेर पडल्यावर जुन्या घोड्यांच्या तबेल्यात उपाहारगृह आहे, घोड्यांच्या खणांत बसून खायची गंमत मुलांना आवडते. थर्मासमधला चहा तेवढा तिथे काढू नका. शटलच्या रांगेत उभं राहून गाडीपर्यंत पोचेतो बोटं गारठलेली असतात, तेव्हा तो लागतो.