स्टेंट टाकून घरी आलात? आधी गोळ्यांचं बघा

अंबाजोगाईत माझं मेडिकल आहे. लातूरहून नाहीतर संभाजीनगरहून अँजिओप्लास्टी करून, म्हणजे हृदयाची बंद नस उघडून तिथं स्टेंट (बारीक जाळी) बसवून, आलेला माणूस हल्ली दोन-तीन दिवसांत घरी येतो. बहुतेकदा तार मनगटातूनच घातलेली, छातीवर चीर नाही की टाका नाही. त्यामुळं घरच्यांना वाटतं, काम मिटलं. महिनाभरानं काका काउंटरवर येतात, "आता बरं वाटायलंय की, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या अजून कशाला?"

१९७७ साली झुरिकला डॉक्टर ग्रुंट्झिग यांनी हृदयाची पहिली अँजिओप्लास्टी केली, तेव्हा नुसता फुगा होता. फुगवलेली नस पुन्हा आकसायची. मग जाळी आली, तर जाळीच्या आत मांस वाढून रस्ता बंद व्हायचा. म्हणून आताच्या जाळीवर औषधाचा लेप असतो. लेपानं ती वाढ थांबते, पण जाळीच्या उघड्या तारेवर नसेचं अस्तर चढायलाही वेळ लागतो. तोवर तारेवर रक्ताची गुठळी धरली तर जीवावर बेततं. म्हणून ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर देतात. झटक्यानंतर स्टेंट बसला असेल तर दोन्ही सहसा वर्षभर. मुदत कमी-जास्त करायची ती हृदयाच्या डॉक्टरनं. मी नाही, शेजाऱ्यानं तर नाहीच.

डिस्चार्ज कार्डावर दुसऱ्या गोळीचं नाव बघा. क्लोपिडोग्रेल दिवसातून एकदा, टिकाग्रेलॉर सकाळ-संध्याकाळ. टिकाग्रेलॉरनं काहींना दम लागल्यासारखं होतं. डॉक्टरला फोन करा, मनानं बंद करू नका. पाकिटात आठवडाभराच्या गोळ्या उरल्या की नवीन आणा, बाजाराच्या दिवसाची वाट बघू नका. एकादशीला पण घ्यायच्या. पाण्याच्या घोटासोबत गोळी गिळली म्हणून विठोबा रागवत नाही.

गुडघे दुखायलेत म्हणून डायक्लोफिनॅक मागणारे रोज येतात. स्टेंटवाल्याला मी ती देत नाही, भांडला तरी. तिनं हृदयाचाही धोका वाढतो आणि पोटात रक्तस्रावाचाही. दुखलं तर पॅरासिटामॉल. शौच डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दात काढायचा असेल तर दातवाल्याला स्टेंटचं आधी सांगा, आणि गोळी थांबवायची का ते हृदयाच्या डॉक्टरलाच विचारा.

कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं म्हणून ॲटोरव्हास्टॅटिन सोडणारेही खूप. अहो, त्या गोळीनंच ते नॉर्मल आलंय! आणि तंबाखू मळत या गोळ्या मागणाऱ्याला काय बोलावं, मला अजून सुचलेलं नाही.

सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीतली कळ थांबवायची गोळी, लिहून दिली असेल तर खिशात ठेवा. छातीत दुखलं की आधी खाली बसायचं, मग जिभेखाली एक. उभ्यानं घेतली तर चक्कर येऊन पडाल. ताकदीची (व्हायग्रासारखी) गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट घेऊ नका आणि डॉक्टरला ते न लाजता सांगा, लपवू नका. पाच मिनिटांत कळ थांबली नाही तर १०८ लावा. गॅसची गोळी मागायला माझ्याकडं येऊ नका.