कॉलेजच्या कॅचरची मायनर लीगमधील वाटचाल कशी समजून घ्यावी

अमेरिकेतील कॉलेज बेसबॉलमधून एखादा कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा खेळाडू) ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या वार्षिक खेळाडू-निवडीत, निवडला गेला आणि पुढची काही वर्षे त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवायचे असेल, तर त्याची फलंदाजीची सरासरी (फलंदाजीच्या संधींपैकी किती वेळा यशस्वी फटका मारला याचे प्रमाण) सर्वांत शेवटी पाहावी. क्रिकेटच्या यष्टिरक्षकापेक्षा कॅचरवरची जबाबदारी बरीच अधिक असते, कारण पिचरने (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने) पुढचा चेंडू कोणता आणि कुठे टाकावा हे बहुतेक वेळा तोच सुचवतो. त्यामुळे तो वरच्या पातळीसाठी तयार झाला आहे की नाही, हे केवळ त्याच्या बॅटवरून ठरत नाही.

मेजर लीग ही सर्वोच्च व्यावसायिक पातळी, तर तिच्या खालच्या लीग म्हणजे मायनर लीग; प्रथम त्यांच्या पायऱ्यांचा क्रम नीट समजून घ्यावा. फ्लोरिडा आणि ॲरिझोना येथील नवोदितांच्या लीगनंतर सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए असे चार टप्पे येतात. मेजर लीगच्या ३० संघांपैकी प्रत्येकाचा या चारही टप्प्यांवर एकेक संलग्न संघ असतो. ही रचना २०२१ पासूनची आहे. त्याआधीच्या नोंदी वाचताना संघाचे नाव तेच असले तरी त्याची पातळी वेगळी असू शकते. मेरीलँडमधील ॲबरडीनचा संघ २०१९ मध्ये छोट्या हंगामाच्या लीगमध्ये खेळत होता आणि २०२१ मध्ये तो हाय-ए पातळीवर आला.

त्यानंतर कॉलेज आणि व्यावसायिक खेळ यांतील फरक लक्षात घ्यावा. कॉलेजमध्ये बॅट धातूची असते, नियमित हंगाम साधारण ५६ सामन्यांचा असतो आणि अनेक संघांत कोणता चेंडू टाकायचा हे प्रशिक्षक डगआउटमधून (मैदानाकडेच्या संघाच्या बाकावरून) कळवतात. मायनर लीगमध्ये लाकडी बॅट हाती येते, मंगळवार ते रविवार असे आठवड्याला सहा सामने होतात, आणि आजवर बाहेरून मिळणारा निर्णय कॅचरला स्वतः घ्यावा लागतो, तोही ज्यांच्याशी नुकतीच ओळख झाली आहे अशा पिचरांसाठी. पहिल्या पूर्ण हंगामात उन्हाळा सरताना फलंदाजीचे आकडे घसरले, तर त्यामागे पायांचा थकवा असण्याची शक्यता मोठी असते, हे मनाशी धरूनच ते आकडे वाचावेत.

सामन्याचा तक्ता वाचताना त्याच्या नावापुढची अक्षरे रोज पाहावीत. ‘सी’ म्हणजे त्या दिवशी तो कॅचर होता, ‘डीएच’ म्हणजे त्याने फक्त फलंदाजी केली, आणि ‘१बी’ म्हणजे त्याला पहिल्या बेसवर (धावपटूने गाठायच्या पहिल्या टप्प्यावर) उभे केले होते. फलंदाजी उत्तम असलेला, पण ‘सी’ क्वचितच दिसणारा खेळाडू कॅचर म्हणून वर जाईलच असे गृहीत धरू नये. बेस चोरणाऱ्यांना, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पुढच्या बेसकडे धावणाऱ्यांना, बाद करण्याचे प्रमाणही एकटे पाहू नये. फलंदाज उभा असतो त्या होम प्लेटपासून दुसरा बेस सुमारे १२७ फूट दूर असतो आणि चेंडू हातमोज्यात आल्यापासून तिथे पोहोचेपर्यंत दोन सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. परंतु पिचरची हालचालच संथ असेल, तर उत्तम फेकही उशिरा पोहोचते. शिवाय बेसचा आकार वाढला आणि पिचरने धावपटूला रोखण्यासाठी करायच्या प्रयत्नांवर मर्यादा आली, तेव्हापासून चोरी सोपी झाली आहे. म्हणून हे प्रमाण त्याच वर्षाच्या, त्याच लीगमधील इतर कॅचरांशीच ताडून पाहावे.

प्रत्यक्ष उदाहरणे पाहिली की हे सारे स्पष्ट होते. ओरेगॉन स्टेटचा ॲडली रचमन २०१९ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि बाल्टिमोर ओरिओल्सने त्याला ८१ लाख डॉलर दिले. २०२० चा मायनर लीग हंगाम साथीमुळे रद्द झाला. २०२१ मध्ये बोवी (डबल-ए) आणि नॉरफोक (ट्रिपल-ए) येथे मिळून १२३ सामन्यांत त्याची सरासरी ०.२८५ होती आणि त्याने २३ होमरन (थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) मारले. पुढच्या वर्षी दंडाच्या दुखापतीमुळे उशीर झाला आणि २१ मे २०२२ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो मेजर लीगमध्ये उतरला. एवढा गुणी खेळाडूही तीन वर्षे घेतो, तर इतरांबाबत घाई करणे अन्यायाचे आहे, असे मला मनापासून वाटते.

बस्टर पोझीची गोष्ट दुसरी बाजू दाखवते. फ्लोरिडा स्टेटमध्ये तो आधी शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) होता आणि नंतर कॅचर झाला. २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्याला पाचव्या क्रमांकावर निवडले आणि २००९ मध्ये डबल-ए वगळून सॅन होजेहून (हाय-ए) थेट फ्रेझ्नोला (ट्रिपल-ए) पाठवले. मे २०१० च्या अखेरीस तो वर आला तेव्हा कॅचरची जागा बेन्जी मोलिनाकडे होती, म्हणून सुरुवातीला पोझी बहुतेक पहिल्या बेसवर खेळला. जुलैच्या आरंभी मोलिनाला टेक्सास रेंजर्सकडे पाठवल्यावर ती जागा त्याची झाली, आणि त्याच वर्षी जायंट्सने वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची अंतिम मालिका) जिंकली, तीही रेंजर्सविरुद्ध. म्हणून आपल्या खेळाडूच्या वर कोण उभा आहे आणि त्याचा करार कधी संपतो, हेही शोधून ठेवावे.

ड्राफ्टच्या खालच्या फेऱ्यांत निवडलेल्या कॅचरच्या बाबतीत खेळाडूंच्या हालचालींची यादी (कोणाला कोणत्या संघात पाठवले याची) विशेष सावधपणे वाचावी. वरच्या संघातील कॅचर जखमी झाला की खालच्या पातळीवरून एखाद्याला तातडीने बोलावले जाते, कारण या जागेवर दुसऱ्या कोणाला उभे करता येत नाही. हाय-एमधून थेट ट्रिपल-एमध्ये गेल्याची बातमी आली, तर त्याला बढती म्हणण्याआधी आठवडाभर थांबावे. त्या दिवसांत त्याला किती सामन्यांत सुरुवातीपासून खेळवले, आणि जखमी खेळाडू परतल्यावर तो तिथेच राहिला की माघारी पाठवला गेला, हे तपासावे.